हॉलमध्ये गाणी लागतात, आईच्या खोलीत लागत नाहीत: फोन, राउटर आणि घरचा संगीत सर्व्हर

सांजवारा
नमस्कार मंडळी. आठवडाभर प्रयत्न करून झाले, आता मदत हवी आहे.

आईच्या रियाजाच्या आणि घरी झालेल्या बैठकींच्या ६२ कॅसेट होत्या. वर्षभर बसून त्या मी संगणकावर उतरवल्या, सगळ्या फ्लॅकमध्ये (दर्जा न घालवता आवाज दाबून ठेवणारा फाइलप्रकार). जुन्या लॅपटॉपवर (विंडोज १०) नॅव्हिड्रोम (घरची गाणी फोनपर्यंत पोचवणारा सर्व्हर प्रोग्राम) बसवलंय. लॅपटॉप हॉलमधल्या राउटरला वायरने जोडलेला आहे. फोनवर अशा सर्व्हरशी बोलणारं सबसॉनिकचं एक अ‍ॅप घेतलं आणि त्यात सर्व्हरचा पत्ता १९२.१६८.०.१४, पोर्ट (म्हणजे सर्व्हरच्या दाराचा क्रमांक) ४५३३ असा दिला.

हॉलमध्ये सगळं सुरेख चालतं. फोन घेऊन आईच्या खोलीत गेलो की ‘सर्व्हरशी संपर्क होत नाही’. कधीकधी तिथेही चालू गाणं पुढे वाजत राहतं आणि मग मध्येच थांबतं. त्या खोलीत वाय-फायच्या सगळ्या रेघा भरलेल्या असतात, इंटरनेट जोरात चालतं, व्हिडिओ कुठेही अडकत नाहीत. अ‍ॅप काढून परत टाकलं, लॅपटॉप आणि राउटर कितीतरी वेळा बंद-चालू केले.

आईला आता फार वेळ बसवत नाही, त्यामुळे ती तिच्या खोलीतच असते. ज्यांच्यासाठी हे सगळं केलं त्यांनाच ऐकता येत नाही, म्हणून जीव लागलाय यात.

तिसरी_घंटा
फ्लॅक फाइली जड असतात. राउटर जुना असेल तर तेवढा भार झेपत नसावा. एकतर नवा राउटर घ्या, नाहीतर सगळं एमपीथ्री करून बघा.

खर्ज
सांजवारा, कृपा करून एमपीथ्री करू नका आणि राउटरही बदलू नका. आधी हिशोब पाहू.

सीडीच्या दर्जाचा आवाज म्हणजे सेकंदाला ४४,१०० नमुने, प्रत्येक नमुना १६ बिटांचा, डावा-उजवा असे दोन भाग. गुणाकार केला तर सेकंदाला १४,११,२०० बिट, म्हणजे १.४ मेगाबिट. फ्लॅकमध्ये दाबल्यावर हा आकडा आणखी खाली येतो. २००३ साली आलेल्या ८०२.११जी वाय-फायचा कागदोपत्री वेग ५४ मेगाबिट होता. प्रत्यक्षात त्याच्या निम्मा जरी मिळाला तरी एका गाण्याला तो कितीतरी पट पुरतो. २४ बिट, १९२ किलोहर्ट्झचं ध्वनिमुद्रणसुद्धा न दाबता ९.२ मेगाबिटच होतं. तुम्ही तर त्याच खोलीत व्हिडिओ बघताय. वेग कमी पडत असता तर व्हिडिओ आधी अडकले असते.

शिवाय वेग कमी असेल तर गाणं तुटक वाजतं. ‘संपर्क होत नाही’ हा वेगळा आजार आहे, फोनला सर्व्हरपर्यंतची वाटच सापडत नाहीये.

एवढं करा. हॉलमध्ये उभे राहून फोनच्या वाय-फाय सेटिंगमध्ये जोडलेल्या नेटवर्कच्या नावावर टिचकी मारा आणि आत दिसणारे दोन आकडे लिहून घ्या: फोनचा आयपी पत्ता आणि गेटवे, म्हणजे नेटवर्कातून बाहेर जायचं दार (काही फोनवर तो ‘राउटर’ म्हणून दिसतो). मग आईच्या खोलीत जा, पाच मिनिटं थांबा, वाय-फाय एकदा बंद-चालू करा आणि तेच दोन आकडे परत लिहा. चारही आकडे इथे द्या. १९२.१६८ ने सुरू होणारे पत्ते घराच्या आतलेच असतात, बाहेरून त्यांच्यापर्यंत कोणी पोचत नाही, त्यामुळे ते इथे लिहायला हरकत नाही.

ओसरी
माझ्याकडे असंच झालं होतं, कारण निघालं पाहुण्यांचं नेटवर्क. फोन ‘गेस्ट’ वाय-फायवर होता. तिथे राउटर मुद्दामच घरातली बाकीची उपकरणं दिसू देत नाही, फक्त इंटरनेट देतो. काही राउटरवर नेहमीच्या वाय-फायलाही ‘एपी आयसोलेशन’ किंवा ‘क्लायंट आयसोलेशन’ असा पर्याय असतो. तो चालू असेल तर एकाच राउटरवरचे दोन फोनही एकमेकांना दिसत नाहीत. हेही तपासून घ्या.

सांजवारा
खर्जताई, आकडे घेतले.

हॉल: फोन १९२.१६८.०.२३, गेटवे १९२.१६८.०.१
आईची खोली: फोन १९२.१६८.१.७, गेटवे १९२.१६८.१.१

ओसरी, गेस्ट नेटवर्क दोन्हीकडे बंदच आहे.

आकडे बघून एक सांगायचं राहिलं हे लक्षात आलं. इंटरनेट देणाऱ्यांनी बसवलेला डबा आईच्या खोलीबाहेरच्या बोळात आहे आणि त्याचंही वाय-फाय चालू आहे. त्याच्यापासून एक वायर हॉलमधल्या माझ्या राउटरला गेलीय. घरात फिरताना फोन आपोआप बदलत राहावा म्हणून दोन्हीकडे वाय-फायचं नाव आणि पासवर्ड मी सारखेच ठेवलेत.

खर्ज
सापडलं. नाव एक असलं तरी तुमच्या घरात नेटवर्क दोन आहेत.

बोळातला डबा स्वतःचं एक नेटवर्क चालवतो, १९२.१६८.१ चं. तुमच्या राउटरच्या वॅन पोर्टमध्ये (इंटरनेटची वायर लावायच्या भोकात) त्या डब्याची वायर आहे, त्यामुळे राउटरला वाटतं की डब्याच्या पलीकडे सगळं बाहेरचं जग आहे. तो त्याच्या अलीकडे स्वतःचं दुसरं नेटवर्क उभं करतो, १९२.१६८.० चं. लॅपटॉप या आतल्या नेटवर्कात आहे. हॉलमध्ये फोनही तिथेच असतो, म्हणून गाणी लागतात.

आईच्या खोलीत डब्याचा सिग्नल जवळचा. नाव-पासवर्ड तेच, म्हणून फोन तुम्हाला न विचारता डब्यावर उडी मारतो. आता तो बाहेरच्या अंगणात आला. तिथून तो १९२.१६८.०.१४ ला हाक मारतो. डब्याला या पत्त्याचं घर कुठे आहे ते ठाऊकच नाही. तो ती हाक सरळ इंटरनेटच्या दिशेला ढकलतो आणि तिकडे ती विरून जाते. इंटरनेट दोन्हीकडून मिळतं, त्यामुळे नेटवर्क बदललं असेल अशी शंकासुद्धा येत नाही.

गाणं कधीकधी पुढे वाजत राहतं, त्याची कारणं दोन असू शकतात. अ‍ॅपने गाण्याचा पुढचा भाग आधीच उतरवून ठेवलेला असतो. किंवा फोन बराच वेळ हॉलच्या क्षीण सिग्नलला धरून असतो. ती पकड सुटली की गाणं थांबतं.

यात एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. ही भिंत एकाच बाजूने बंद असते. लॅपटॉप डब्याला जोडलेला असता आणि फोन हॉलच्या राउटरवर असता, तर पत्ता टाकून गाणी लागली असती, कारण आतून बाहेर जाणारी हाक राउटर जाऊ देतो आणि तिचं उत्तर परत आणून देतो. बाहेरून आत येणारी अनोळखी हाक मात्र तो दारातच अडवतो.

निरगाठ
मग सोपं आहे की. लॅपटॉपची वायर राउटरमधून काढून डब्यात लावायची. दोन्हीकडून चालेल ना?

खर्ज
निरगाठ, चालेल, आणि आज रात्रीच आईंना गाणी ऐकवायची असतील तर तेच करा. लॅपटॉपला १९२.१६८.१ मधला नवा पत्ता मिळेल, तो अ‍ॅपमध्ये टाकायचा.

पण मी ते कायमचं ठेवणार नाही. पत्ता टाकून जोडणारी अ‍ॅप चालतील, स्वतः शोधणारी चालणार नाहीत. डीएलएनए (घरातल्या उपकरणांनी एकमेकांना गाणी-व्हिडिओ देण्याची पद्धत) वापरणारे स्पीकर, टीव्ही वगैरे सर्व्हर शोधताना २३९.२५५.२५५.२५० या पत्त्यावर, पोर्ट १९०० वर सगळ्यांना एकदम हाक देतात. ‘.लोकल’ ने संपणारी नावं २२४.०.०.२५१ वर, पोर्ट ५३५३ वर विचारली जातात. अशा सामूहिक हाका एका नेटवर्कातून दुसऱ्यात जात नाहीत. उद्या आईंच्या खोलीत वाय-फायचा स्पीकर आणलात आणि फोन हॉलच्या राउटरवर असला, की पुन्हा हीच डोकेदुखी.

नीट उपाय म्हणजे हॉलच्या राउटरला राउटरपण सोडायला लावायचं. त्याच्या सेटिंगमध्ये ‘ऑपरेशन मोड’ असेल, तिथे ‘अ‍ॅक्सेस पॉइंट’ निवडा. मग तो पत्ते वाटणार नाही, मध्ये भिंत घालणार नाही, फक्त वाय-फाय आणि वायरीची भोकं पुरवेल. सगळं घर डब्याच्या एकाच नेटवर्कात येईल. तुमचं एकच नाव आणि एकच पासवर्ड तेव्हा खऱ्या अर्थाने उपयोगी पडेल, खोली बदलली तरी फोनचा पत्ता तोच राहील.

असा मोड नसेल तर हाताने करावं लागतं आणि तिथे क्रम महत्त्वाचा आहे. आधी राउटरचा स्वतःचा लॅन (घरातल्या बाजूचा) पत्ता बदलून १९२.१६८.१.२ करा. डबा ज्या टापूतले पत्ते वाटतो त्यात हा पत्ता येत नाही ना, ते डब्याच्या डीएचसीपी (पत्ते वाटण्याच्या) पानावर बघून घ्या. पत्ता बदलताना ‘हा पत्ता वॅनच्या बाजूला आहे’ असं राउटर कुरकुरला तर डब्याकडची वायर तेवढ्यापुरती काढा. मग राउटरमधलं डीएचसीपी बंद करा. सगळ्यात शेवटी डब्याकडून आलेली वायर वॅनऐवजी एखाद्या लॅन पोर्टमध्ये खोचा. डीएचसीपी बंद न करताच वायर हलवलीत तर एकाच घरात दोघंजण पत्ते वाटायला लागतील, आणि कोणत्या उपकरणाला कोणाचा पत्ता मिळेल याचा भरवसा राहणार नाही.

हे झाल्यावर डब्याच्या सेटिंगमध्ये लॅपटॉपसाठी एक पत्ता राखून ठेवा (‘अ‍ॅड्रेस रिझर्व्हेशन’ किंवा ‘स्टॅटिक लीज’). तो मॅक पत्त्यावरून, म्हणजे त्या जोडणीच्या ओळखक्रमांकावरून, राखला जातो. लॅपटॉपच्या वायरीच्या जोडणीचा आणि वाय-फायचा मॅक वेगवेगळा असतो, तुम्हाला वायरीचा हवा.

तिसरी_घंटा
खर्जताई, हिशोबाबद्दल आभार. माझा सल्ला चुकला होता, सांजवारा यांनी तो ऐकला नाही हे बरं झालं. माझ्याही घरी असेच दोन डबे आहेत, आज तपासतो.

सांजवारा
रात्री जागून केलं. माझ्या राउटरला अ‍ॅक्सेस पॉइंट मोड होता. आता हॉलमध्येही फोनला १९२.१६८.१.७ च मिळतो. लॅपटॉपसाठी १९२.१६८.१.५० राखून ठेवला, त्याला तो मिळालाही.

पण आता कुठेच लागत नाही! हॉलमध्येसुद्धा नाही. अ‍ॅपमध्ये नवा पत्ता टाकलाय, तीनदा तपासला. लॅपटॉपवरच ब्राउझर उघडून लोकलहोस्ट (म्हणजे हाच लॅपटॉप) आणि पोर्ट ४५३३ टाकलं की नॅव्हिड्रोमचं पान व्यवस्थित दिसतं. फोनवरच्या एका अ‍ॅपने लॅपटॉपला पिंग केलं (‘आहेस का?’ अशी हाक दिली) तर उत्तर नाही. जे चालत होतं तेही गेलं, मन फार खट्टू झालंय.

बारकावे
सांजवारा, धीर धरा, तुमचं काम बरोबर झालंय. हे विंडोजच्या फायरवॉलचं (बाहेरच्या हाका अडवणाऱ्या पहारेकऱ्याचं) आहे, आणि ते नेमकं आत्ताच का झालं तेही सांगतो.

विंडोज प्रत्येक नेटवर्क वेगळं ओळखून त्याला ‘खासगी’ किंवा ‘सार्वजनिक’ असं लेबल लावतं. हॉलच्या राउटरचं नेटवर्क त्याने पूर्वी खासगी म्हणून नोंदवलेलं असणार. नॅव्हिड्रोम पहिल्यांदा चालवलंत तेव्हा फायरवॉलने परवानगी विचारली असेल आणि तुम्ही खासगी नेटवर्कापुरती दिली असेल. आता गेटवे बदलला. विंडोजच्या लेखी हे अगदी नवं नेटवर्क आहे आणि नव्याला ते बहुधा सार्वजनिक मानतं. परवानगी तशीच आहे, पण ती इथे लागू होत नाही.

सेटिंग्ज, मग नेटवर्क अँड इंटरनेट, तिथे इथरनेट, त्यात तुमची जोडणी. ‘नेटवर्क प्रोफाइल’ खाली ‘प्रायव्हेट’ निवडा. एवढंच पुरावं. तरीही अडलं तर फायरवॉलच्या ‘इनबाउंड रूल्स’ मध्ये टीसीपी पोर्ट ४५३३ साठी खासगी नेटवर्कापुरता एक नियम जोडा.

फायरवॉल पूर्ण बंद करू नका, कोणी कितीही सांगितलं तरी. ‘जरा बघतो’ म्हणून बंद केलेला फायरवॉल वर्षानुवर्षं तसाच राहिलेला मी पाहिला आहे.

आणि पिंगवर विसंबू नका. विंडोज पिंगला पुष्कळदा मुद्दाम उत्तर देत नाही, त्यावरून सर्व्हर बंद आहे असं ठरत नाही. लॅपटॉपवरून लॅपटॉपलाच उघडून पाहणं हीसुद्धा पुरती परीक्षा नाही, ती हाक बाहेर जातच नाही. खरी परीक्षा दुसऱ्या उपकरणाच्या ब्राउझरमधून. पत्ता टाइप करताना सुरुवातीला एचटीटीपी स्वतः लिहा, नाहीतर काही ब्राउझर परस्पर एचटीटीपीएस लावतात आणि पान उघडत नाही. पान दिसलं पण अ‍ॅप जोडत नाही असं झालं, तर दोष अ‍ॅपच्या सेटिंगमध्ये. पानच दिसलं नाही तर वाटेत. हा एक फरक कळला की निम्मी शोधाशोध वाचते.

सांजवारा
लागलं!! प्रायव्हेट केलं आणि त्याच क्षणी फोनवर यादी उमटली. बारकावे, खर्जताई, तुमचे उपकार.

आत्ता आईच्या खोलीतूनच लिहितोय. तिने पहिली मागितली ती भूपाची कॅसेट, तिच्या गुरूंनी समोर बसून घेतलेली शिकवणी. मध्ये मध्ये ते तिला थांबवतात, तेही सगळं आहे त्यात.

पायवाट
वाचून फार बरं वाटलं. माझा थोडा वेगळा प्रश्न. माझ्याकडे इंटरनेट नाही, नुसता राउटर आहे, त्याला संगणक जोडलाय. फोन वाय-फायला जोडला की थोड्या वेळाने सर्व्हर दिसेनासा होतो. घरातल्या घरात ऐकायलाही इंटरनेट लागतं का?

बारकावे
मुळीच लागत नाही. फोन, राउटर आणि सर्व्हर यांचं आपसात भागतं. होतं असं की वाय-फायवर इंटरनेट नाही हे लक्षात आल्यावर फोन स्वतःहून मोबाइल डेटाकडे वळतो आणि तिकडून तुमचा घरचा पत्ता सापडणं शक्य नसतं. ‘या नेटवर्कवर इंटरनेट नाही, तरी जोडलेलं ठेवायचं का?’ असं अँड्रॉइड विचारतो, तेव्हा हो म्हणा आणि पुन्हा न विचारण्याची खूण करा. तरी उडी मारत असेल तर ऐकताना मोबाइल डेटा बंद ठेवा. फोनवर व्हीपीएन (सगळी वाहतूक दुसऱ्या सर्व्हरमार्गे नेणारी सोय) चालू असेल तर तेही बंद करून बघा, काही व्हीपीएन घरातले पत्तेसुद्धा बाहेरच्या वाटेला लावतात.

आयफोनवाल्यांसाठी: आयओएस १४ पासून, म्हणजे २०२० पासून, प्रत्येक अ‍ॅपला ‘लोकल नेटवर्क’ची वेगळी परवानगी लागते. पहिल्यांदा चुकून नाही म्हटलं असेल तर अ‍ॅप गप्प बसतं. सेटिंग्जमध्ये प्रायव्हसीखाली ती परत देता येते.

ओसरी
घराबाहेर असताना घरची गाणी ऐकायची तर? राउटरमध्ये पोर्ट फॉरवर्डिंग (बाहेरची हाक आतल्या उपकरणाकडे धाडणं) करून ४५३३ उघडलं की झालं, असं एकांनी सांगितलं.

खर्ज
ओसरी, ते करू नका. उघडलेलं पोर्ट साऱ्या जगाला उघडं असतं. पोर्ट धुंडाळणारे प्रोग्राम इंटरनेटवर अहोरात्र फिरत असतात. त्यातून साध्या (कुलूप नसलेल्या) एचटीटीपीवर पासवर्ड उघडा पडू शकतो.

त्यापेक्षा वायरगार्ड घ्या. फोन आणि घर यांच्यात कुलूपबंद बोगदा होतो आणि बाहेर असतानाही फोनला १९२.१६८.१.५० दिसतो. त्यालाही एक पोर्ट उघडावं लागतं (नेहमीचं ५१८२०, यूडीपी), पण ज्याच्याकडे योग्य किल्ली नाही त्याला वायरगार्ड उत्तरच देत नाही.

त्याआधी डब्याच्या पानावर वॅनचा पत्ता बघा. तो १००.६४ ते १००.१२७ यापैकी कशाने सुरू होत असेल, तर पुरवठादाराने अनेक घरांना मिळून एकच बाहेरचा पत्ता दिलाय. मग पोर्ट उघडूनही बाहेरून कोणी तुमच्यापर्यंत पोचणार नाही. अशा ठिकाणी टेलस्केल उपयोगी पडतं. ते वायरगार्डवरच उभं आहे आणि दोन्ही टोकांकडून हाक बाहेर काढून मध्ये गाठ घालून देतं.

निरगाठ
सांजवारा, एक विचारतो, रागावू नका. या ६२ कॅसेटची दुसरी प्रत आहे ना? जुन्या लॅपटॉपची डिस्क कधी दगा देईल सांगता येत नाही. ९० मिनिटांची कॅसेट सीडीच्या दर्जाने न दाबता ठेवली तरी साधारण ९५० मेगाबाइट होते. ६२ कॅसेट म्हणजे ६० जीबीच्या आत, फ्लॅकमध्ये त्याहूनही कमी. एका छोट्या पेनड्राइव्हवर मावेल एवढंच आहे हे. एक प्रत घरात, एक दुसऱ्या कोणाच्या घरी ठेवा. हे ध्वनिमुद्रण जगात दुसरीकडे कुठेही नाही.

सांजवारा
निरगाठ, रागावतो कशाला, नव्हतीच दुसरी प्रत. आज दोन काढल्या, एक बहिणीकडे जाईल.

अजून एक अडचण आली होती, दुसऱ्या कोणाला लागली तर म्हणून लिहितो. काल दुपारी सर्व्हर अचानक गायब झाला. धुळीसाठी मी लॅपटॉपचं झाकण लावलं होतं, त्यामुळे तो झोपी गेला. पॉवरच्या पर्यायांमध्ये ‘झाकण लावल्यावर काहीही करू नका’ हे निवडलं आणि वीज जोडलेली असताना झोपायचंच नाही असं केलं. झाकण लावून तो तापतोय का, तेही दोन दिवस पाहिलं. नाही तापत.

डब्याचा, राउटरचा आणि लॅपटॉपचा असे तिन्ही पत्ते एका कागदावर लिहून डब्याच्या बाजूला चिकटवलेत. आईने मला कॅसेटच्या खोक्यांवरची तिची जुनी अक्षरं वाचून दाखवायला सांगितलंय, कोणत्या बैठकीला तानपुऱ्यावर कोण होतं ते ती सांगणार आहे आणि मी ते प्रत्येक फाइलच्या टॅगमध्ये भरणार आहे. भूपाची झाली, उद्या यमनच्या सात कॅसेट घ्यायच्या आहेत.